साळवे अण्णांच्या रोसक्या

साळवे अण्णा रुमालानं झाकलेलं ताट घेऊन दारात उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "अंडं हाय बरं का यात." नमस्कार नाही, कसं काय नाही, थेट अंडं. मी शेवगावात त्यांच्या शेजारी राहायला आले त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. "मला चालतं की," मी म्हटलं, तर ते इतके गोंधळले की ताट तसंच घेऊन परत निघाले. द्यायचं राहिलंच, हे आपल्या फाटकापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा माघारी आले.

रुमालाखाली बांगडीएवढं गोल, मधे भोक असलेलं, साखरेत घोळलेलं काहीतरी तळलेलं होतं. मी सरळ विचारलं, "मेदूवड्याला साखर कुणी लावली?"

"मेदूवडं न्हाईत मॅडम. रोसक्या हायत. स्पेनच्या."

मी शाळेत भूगोल शिकवते. स्पेन नकाशावर कुठं आहे ते झोपेतही दाखवीन. पण मार्केट यार्डामागच्या आमच्या गल्लीत, खाकी पॅन्ट आणि पांढरा सदरा घातलेला एसटीचा निवृत्त ड्रायव्हर हे सांगतोय म्हटल्यावर मला हसू आलं, आणि माझं हसू काही तोंडात राहत नाही. अण्णाही हसले. मग मी तिथंच उभ्या उभ्या एक खाल्ली. वरून कुरकुरीत, आत मऊ, बडीशेपेचा वास, आणि पिठीसाखर सगळ्या पदरावर.

अण्णा एकटेच राहायचे. बायको, कमलबाई, वारल्या होत्या. एकुलती एक लेक शीतल शिकायला म्हणून स्पेनला गेली, तिथंच नोकरी लागली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. घर दोन खोल्यांचं, पण इतकं आवरलेलं की कुणी राहत नसावं असं वाटायचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कमलबाईंचा फोटो, आणि स्वयंपाकघरात कढई. निवृत्तीनंतरही अण्णा पहाटे उठून दाढी करून तयार होत, जणू पाथर्डीची पहिली गाडी त्यांनाच काढायची आहे. तयार होऊन दारापुढच्या ओट्यावर बसत. मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न असे.

तळायला बसले की मात्र माणूस बदलायचा. कढई गॅसवर असेतो ते बोलत नसत. मी काही विचारलं तर उत्तर गॅस बंद झाल्यावर मिळायचं, तेही विचारलेल्या क्रमानं. एकदा मी कंटाळून म्हटलं, "अहो अण्णा, निदान हूं तरी म्हणा." शेवटचा घाणा उतरवून, झारा ठेवून ते म्हणाले, "गाडीत पाटी आस्ती मॅडम, ड्रायवरशी बोलू नका म्हनून. ती काय उगं लावलेली न्हाई." तेल तापलंय का हे ते बघत नसत, ऐकत. डिझेलच्या इंजिनाचं आयुष्यभर ऐकलं, आता तेलाचं ऐकतो, म्हणायचे. कुठलीही अडचण आली की "घाट आला" आणि त्यातून सुटलो की "सपाटी लागली" असं त्यांचं दोन शब्दांचं पंचांग होतं.

हे सगळं सुरू झालं ते व्हिडिओ कॉलवरून. शीतलची मुलगी माया तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिकडच्या आजीच्या, म्हणजे अण्णांच्या विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून ती रोसकी खात होती. खाता खाता तिनं अर्धी रोसकी फोनपुढे धरली, आजोबांना भरवायला. अण्णांनी तोंड उघडलं, खाल्ल्यासारखं केलं. मग ती तोंड उघडून बसली. आता आजोबांची पाळी. अण्णांच्या हातात चहाचा पेला होता. धावपळ करून त्यांनी बिस्किट आणलं, फोनला लावलं. मायानं मान फिरवली.

"पोरगी मला भरवती अन् माझ्या हातात तिला द्यायला काय न्हाई," असं अण्णांनी मला सांगितलं.

याच्या मागे एक गोष्ट होती, ती मला उशिरा कळली. अण्णांचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यातलं. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टेम्पो यायचा, भांडीकुंडी चढायची, आणि लहानगा अण्णा आज्यापाशी मागे राहायचा. उन्हाळ्यापर्यंत आजाच भरवायचा, भाकरी चुरून, दूध असलं तर दूध, नसलं तर आमटी. त्यांच्या हिशेबानं आजोबा म्हणजे भरवणारा माणूस. दुसरं काही आजोबाचं काम असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"शीतलबी तोडीलाच गेली म्हना की," ते एकदा म्हणाले. "पन आमच्याकडं तोडीला जाताना लेकरं आज्यापाशी ठिवून जात्यात. हिनं सगळंच नेलं."

तर त्यांनी बेत ठरवला. माया कधीतरी इथं येणार. आल्या दिवशी सगळंच परकं, तिखट. तेव्हा पानात एक तरी ओळखीची वस्तू पाहिजे. "आधी ओळखीचं, मग आपलं," असं त्यांचं गणित. रोसकी खाल्ली की पोर विश्वासानं जवळ येईल, मग हळूहळू भाकरी, मग शेंगुळे. एकदा तरी तिनं आपल्या हातचं खाऊन म्हणावं, हे माझ्या आजोबांचं. बस, याहून जास्त मागणं नव्हतं.

शिकवायला होत्या विहीणबाई. त्यांचं नाव पिलार. त्याही एकट्याच. दर रविवारी दुपारी कॉल ठरलेला. सुरुवातीला शीतल मधे बसून दोघांचं बोलणं उलटसुलट करून सांगायची. पुढे तिला वेळ होईना, तेव्हा हे दोघं भाषेवाचूनच बोलायला लागले. फोन धरायला मी. अण्णा कॉलच्या आधी इस्त्रीचा सदरा घालायचे, आणि कॉल लागला की उभे राहायचे. शेवटपर्यंत उभे. मी म्हटलं, बसा की. तर म्हणाले, "विहीनबाईसमोर बसून बोलायचं व्हय? मुलीकडचे हाओत आपन." ती बिचारी तिकडून हातानं बसा बसा करायची. अण्णा हात जोडायचे.

दोघांनाही समोरच्याचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही मनापासून मान डोलवायची. ती खिडकीबाहेरचं आभाळ दाखवायची, अण्णा कोथिंबिरीची कुंडी दाखवायचे. तिनं नवऱ्याचा फोटो दाखवला, अण्णांनी कमलबाईंचा. त्या दिवशी दोघांनीही ते फोटो लवकर खाली ठेवले नाहीत. फोन धरून माझा हात अवघडला, पण मी हलले नाही.

विहीणबाईंचं माप मोठं गमतीचं होतं. वाटी नाही, चमचा नाही. अंडं फोडायचं आणि त्याच्याच अर्ध्या कवचानं मोजायचं. एका अंड्याला इतकी कवचं तेल, इतकी दूध, इतकी साखर. मैदा मात्र पीठ मागेल तेवढा. अण्णा गावरान अंडी आणायचे, ती लहान. पण अंडं लहान तर कवचही लहान, त्यामुळे गणित चुकत नसे. मूळ कृतीत बडीशेपेची दारूही एक कवच पडायची. बाटली पडद्यावर दिसताच अण्णांनी कानाला हात लावला. पंचशील घेतलेला माणूस, बिडीसुद्धा कधी ओढली नव्हती. विहीणबाई हसल्या, बाटली आत ठेवली आणि बडीशेप उकळून तिचं पाणी घालून दाखवलं. त्या दिवसापासून त्याही तशाच करायला लागल्या, असं शीतल सांगायची.

मला दिलेल्या त्या रोसक्या अण्णांनी नुसत्या बघून, अंदाजानं केल्या होत्या; विहीणबाईंच्या मापानं, कॉलवर करायच्या त्या पहिल्या वेळची फजिती तर मी विसरणं शक्य नाही. तेलात लिंबाची साल आणि बडीशेप घालून ते तापवायचं, इथवर दोघांचं जमलं. मग विहीणबाईंनी ते तेल खिडकीत नेऊन ठेवलं आणि बाहेर बोट दाखवून खूप वेळ काहीतरी सांगितलं. अण्णांना वाटलं, पाऊस दाखवतायत. "पाऊस हाय वाटतं तिकडं," असं मला सांगून त्यांनीही आमच्या खिडकीबाहेरचं ऊन दाखवलं. आणि वळून कढल्यातलं धूर निघणारं तेल सरळ फेटलेल्या अंड्यांत ओतलं. कमलबाई करंज्यांना मोहन घालायच्या ते कडकडीत. मोहन थंड करून घालायचं, हे आपल्याकडे कुणाच्या सात पिढ्यांत ऐकलंय? चर्र आवाज झाला आणि पातेल्यात साखरेची भुर्जी तयार झाली. विहीणबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले, नो नो नो करत ओरडल्या, मग हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईतो. अण्णाही भिंतीला धरून हसत होते. त्या घरात तेवढं मोठं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. भुर्जी त्यांनी टाकली नाही, गोड लागती म्हणून संध्याकाळी पोळीशी खाल्ली.

हात बसला तसे ते ताट घेऊन सगळ्या गल्लीत फिरायला लागले, आणि तेव्हाच त्या अंड्याच्या वाक्याचा अर्थ मला कळला. गल्लीत काही घरं अशी होती, की साळव्यांकडचं पाणीसुद्धा टाळायची. पण आता तसं तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून कारण शोधत बसायची. अण्णा कारण आयतंच घेऊन जायचे. अंडं आहे म्हटलं की समोरचा सुटायचा, आणि अण्णाही.

एकदा माझ्या डोक्यात भूत शिरलं. मी म्हटलं, बिनअंड्याच्या करा, बघू कोण काय म्हणतं. त्यांनी दही घालून केल्या, चांगल्या झाल्या. कोपऱ्यावरच्या काकूंकडे आम्ही दोघं गेलो. अण्णा म्हणाले, "आज अंडं न्हाई घातलेलं." काकूंच्या चेहऱ्यावरून पाच-सहा रंग गेले. मग म्हणाल्या, "अगंबाई, आज नेमका माझा उपवास." बुधवार होता. फाटकाबाहेर आल्यावर मी तणतणले, "बुधवारचा कसला उपवास? देव तरी कुठला?" अण्णा ताटावरचा रुमाल नीट करत म्हणाले, "आसंल एखादा. तुमी आवाज बारीक करा, त्यांना ऐकू जाईल." बिनअंड्याच्या त्यांनी पुन्हा केल्या नाहीत. काकूंना अवघडल्यासारखं होतं, म्हणाले.

एका रविवारी कॉल संपल्यावर त्यांनी पीठ पुन्हा मळायला घेतलं. या वेळी लिंबाऐवजी मोसंबीची साल, आणि वेलची, चांगली खमंग कुटून. तळल्यावर घर वेगळ्याच वासानं भरलं. खरं सांगते, मला त्या विहीणबाईंच्यापेक्षा आवडल्या. मी तसं म्हटलं तर ते लाजले. "या माझ्या. त्यांना न्हाई दाखवल्या, उगं वाईट वाटायचं. माया आली की तिला पैल्यांदा त्यांच्यासारख्या दीन. मग दोन-चार दिसांनी या." त्या दिवसापासून दोन प्रकारच्या व्हायच्या, एक ताट तिकडचं आणि एक मायाचं.

माया येणार येणार म्हणून दोन हिवाळे गेले. तिसऱ्यांदा तिकिटंसुद्धा निघाली. अण्णांनी खोलीला रंग दिला, छोटी खुर्ची आणली, मच्छरदाणी आणली, सगळ्या गल्लीला सांगितलं. आणि विहीणबाई आजारी पडल्या. दुखणं मोठं होतं. तिकिटं रद्द झाली. ज्या दिवशी ती मंडळी यायची होती त्या दिवशी अण्णांनी वेलचीच्या रोसक्या तळल्या आणि एसटी स्टँडवर नेऊन ड्रायव्हर-कंडक्टरांत वाटल्या. मला म्हणाले, "पीठ भिजवून झालं हुतं." पीठ त्या सकाळी भिजवलेलं होतं आणि तिकिटं रद्द होऊन आठवडा झाला होता.

त्यानंतर काही रविवार विहीणबाई अंथरुणातून कॉल करायच्या. अण्णा उभे राहून तळायचे आणि त्या नुसत्या बघायच्या. आच जास्त झाली की बोट खाली करायच्या. मग एका रविवारी कॉलवर शीतल दिसली, आणि ती काही बोलायच्या आधीच अण्णांनी ओळखलं. त्या संध्याकाळी त्यांनी तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, मला बोलावलं, पांढरा सदरा घालून त्रिसरण पंचशील म्हटलं. आम्ही दोघंच होतो. म्हणून झाल्यावर ते म्हणाले, "कमल गेली तवा लोक लई आले हुते. आता हिचं दुख कुनाला सांगू? कुनी म्हनंल, तुमची ती कोन?" मला रडू आलं. त्यांना आलं नाही, ते मेणबत्तीकडे बघत बसले.

रविवार रिकामे झाले. शीतल फोन करायची, पण धावता. माया पडद्यावर यायची, "आयोबा" म्हणून हात हलवायची आणि पळायची. कढई पालथी पडली. अण्णा पहाटे दाढी करून ओट्यावर बसायचे आणि मी शाळेतून येईतो तिथंच दिसायचे.

जूनमध्ये माझी बदलीची ऑर्डर आली. निरोप घेतला तो टेम्पो, गॅसची टाकी आणि गाद्यांच्या गडबडीत, त्याला काही मी भेट म्हणत नाही. माझ्या मनातलं त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं आहे, एप्रिलमधल्या एका दुपारचं.

तिकडे त्यांच्या सणाचा आठवडा होता, ज्यात घरोघर रोसक्या करतात. शीतलचा फोन आला. माया दोन दिवस रडत होती, तिला आजीच्या रोसक्या पाहिजे होत्या. बेकरीतल्या आणल्या तर तोंडात घालून काढल्या. "आईंनी यांना कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, अण्णा. यांना काही येत नाही. मला तर नाहीच येत. आता तुम्हालाच येतं फक्त."

अण्णा उठले. इस्त्रीचा सदरा घातला. मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि हळूच म्हणाले, "अण्णा, वेलचीच्या सांगा. तुमच्या. ही वेळ पुन्हा यायची नाही. आजीची चव विसरेल ती हळूहळू, तुमची लागेल." मी ते मनापासून म्हणत होते. इतकी वर्षं तो माणूस ज्याची वाट बघत होता ते समोर आलं होतं.

वेलचीची बरणी त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती उचलली, क्षणभर धरली आणि मांडणीवर परत ठेवली.

"न्हाई मॅडम. लेकरू आजीसाठी रडतंय. त्याला आजीच द्यायला पायजे."

मग त्यांनी शिकवलं. अंडं फोड, कवच धुऊन घे, हे एक, हे दोन. बडीशेपेचं पाणी. लिंबाची साल. तेल तापवून झाल्यावर शीतलला म्हणाले, "आता ते खिडकीत ठिव. गार हुऊ दे." माया खुर्चीवर उभी राहून पिठाच्या दोऱ्या वळत होती, टोकं जोडत होती. जोड उकलू नये म्हणून तेलाचं बोट लावून दाबायचं, ते अण्णांनी पडद्याजवळ हात नेऊन दाखवलं. इकडे ते तळत होते, तिकडे शीतल. आच जास्त दिसली की अण्णा बोट खाली करत होते, आणि ती आच कमी करत होती. माया मधेच थांबून त्या बोटाकडे बघायला लागली.

रोसक्या साखरेत घोळल्या. मायानं एक उचलली, फुंकर मारली, चावली. आम्ही दोघं बघत होतो. ती बराच वेळ चावत राहिली आणि मग आईकडे वळून भरभर काहीतरी बोलली.

"काय म्हनती?" अण्णांनी विचारलं.

शीतल फोनकडे वळली. "आजीच्या आहेत म्हणते. अगदी आजीच्याच."

"व्हय," अण्णा म्हणाले. "तशाच पायजेत."

तिकडे एकच गलका झाला. जावई आत आले, त्यांनी एक तोंडात घातली आणि डोळे पुसले, मायानं ताट उचललं, सगळे जेवणाच्या खोलीकडे निघाले. फोन कुणीतरी आडवा ठेवला. बंद करायला विसरले. पडद्यावर फक्त त्या स्वयंपाकघराचं पांढरं छत राहिलं आणि लांबून आवाज, खुर्च्या ओढल्याचे, मायाच्या हसण्याचे, मधेच शीतलच्या मराठीचे.

अण्णा फोनसमोर उभे होते. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. त्या घराशी बोलताना ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आपल्या ताटातली एक रोसकी घेऊन ते हळूहळू खायला लागले, त्या छताकडे बघत. तिकडून हसू आलं की तेही जरा हसायचे.

मी विचारलं, "अण्णा, कट करू का फोन?"

"राहू द्या," ते म्हणाले. "खात्यात ती."